पन्नासला सहा कमी

एकतीस मुलांपैकी एकोणीस जणांनी सव्वीस अधिक अठरा बरोबर छप्पन्न असं लिहिलं होतं.

तपासणी अधिकारी फाग्बेमी साहेबांनी ते एकोणीस कागद वेगळे काढले आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. उरलेल्या बारा जणांत सात जणांचं उत्तर बरोबर होतं आणि पाच जणांनी जागा कोरी ठेवली होती.

"एकाने चौतीस लिहिलं असतं, दुसऱ्याने अडतीस, तर माझी काही तक्रार नव्हती," साहेब म्हणाले. "मुलं चुकतात तेव्हा ज्याची त्याची चूक वेगळी असते. इथे एकोणीस जण एकच चूक करतायत. आणि हे पाहा, एकवीस अधिक बारा जवळजवळ सगळ्यांचं बरोबर. सतरा अधिक पंचवीस पुन्हा सगळ्यांचं सारखंच चूक, अठ्ठावन्न. कुणीतरी उत्तरं फोडली आहेत, आणि फोडणाऱ्यालाच गणित येत नाही."

दुसरीची शिक्षिका इबिदुन ओयेदेजी दारात उभी होती. हातातला खडू तिने टेबलाच्या कडेला ठेवला.

"माझ्या वर्गात कॉपी होत नाही, सर."

"मग हे काय आहे?"

साहेबांनी कागद फाईलमध्ये घातले. "गुरुवारी परत येतो. तोपर्यंत मला लेखी हवं. उत्तरं मुलाने फोडली असतील तर ते मूल पुन्हा दुसरीत बसेल. फळ्यावरून फुटली असतील, तर मॅडम, दुसरी तुमच्याकडे राहणार नाही."

तो सोमवार होता. शाळेचं वर्ष संपायला बारा दिवस उरले होते.

इबिदुनकडे दुसरी आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ओके-आसा गावच्या त्या शाळेत दुसरी कुणालाच नको असायची. पहिलीतल्या मुलाने नाव लिहिलं की गावभर कौतुक होतं, आणि सहावीच्या निकालावर शाळेचं नाव ठरतं. दुसरीत फक्त दोन अंकी बेरीज-वजाबाकी असते आणि ती आली तर कुणी विचारत नाही, नाही आली तर सगळे विचारतात. नव्याने रुजू झालेल्या इबिदुनला हा वर्ग मिळाला तो त्यामुळेच. पुढे दोनदा तिला चौथी देऊ केली तेव्हा तिने ती घेतली नाही.

तिचं स्वतःचं गणित चांगलं नव्हतं. शिक्षकांच्या कॉलेजात ती त्या विषयात तिसऱ्या खेपेला पास झाली. मांडलेली उदाहरणं पाहिली की तिला अजूनही घाम फुटायचा. तोंडी मात्र ती पटकन करायची. वडील रताळ्यांसारखे, पण मांडीएवढे जाड कंद पिकवायचे, आणि लहानपणी त्यांचे ढीग मोजायचं काम तिच्याकडे होतं. म्हणून तिने वर्गाला एक सवय लावली होती. सकाळी पावणेआठला ती दारात आपलं बुटकं स्टूल टाकून बसायची आणि प्रत्येक मुलाला एक उदाहरण घालायची. उत्तर बरोबर आलं की मूल आत. चुकलं की रांगेच्या शेवटी.

"अमोके, बारा आणि नऊ."

"विसावर एक, आंटी."

"आत. पुढचा कोण? तू आधी नाक पूस. पंधरा आणि सोळा."

"विसाला पाच कमी... विसाला चार कमी... चाळीसला नऊ कमी, आंटी!"

"आत. नाक पुन्हा पूस."

गावच्या योरुबा भाषेत आकडे असेच बोलतात. एकवीस ते चोवीस म्हणजे विसावर एक, विसावर दोन, असं चढत जायचं. पंचवीस आलं की तिसाकडे पाहून मोजायचं: तिसाला पाच कमी, चार कमी, तीन, दोन, एक. एकोणतीस म्हणताना आपण जे एकदा करतो ते ही मुलं प्रत्येक दहाच्या मागल्या अर्ध्यात पाच वेळा करतात. सव्वीस म्हणजे तिसाला चार कमी, अठरा म्हणजे विसाला दोन कमी. पाच वर्षांचं पोरही हे बोलतं आणि आपण वजाबाकी करतोय असं त्याला वाटत नाही. इबिदुनच्या वर्गातली मुलं या मोजणीवर इतकी तयार होती की मोटार स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांना थांबवून उदाहरणं घालायचे.

सोमवारी दुपारी मुख्याध्यापक ओलातेजू सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. ते मऊ स्वभावाचे होते आणि दोन वर्षांत निवृत्त होणार होते.

"मॅडम, ती पहिल्या बाकावरची मुलगी, अकारा-वडेवालीची."

"अमोके."

"तिने छप्पन्नच लिहिलंय. हुशार आहे, सगळे तिच्याकडे बघतात. तिचं बघून मागच्यांनी लिहिलं असेल. तुम्ही तेवढं लिहून द्या."

"तिने दाखवलं नाही, सर. मी समोर उभी होते."

"तुम्ही समोर उभ्या होतात, मग एकोणीस छप्पन्न आले कुठून? आभाळातून?" त्यांनी आवाज खाली आणला. "मूल सात वर्षांचं आहे. एक वर्ष मागे राहिलं तर काय बिघडतं? हाडं मजबूत होतात. तुमची मात्र एकोणीस वर्षं जातील."

इबिदुन "बघते" म्हणाली आणि बाहेर पडली. तिने नाही म्हटलं नव्हतं. ही गोष्ट तिने नंतर स्वतःहून सांगितली, म्हणून इथे लिहिली.

ऑफिसातलं बोलणं गावात पोचायला एक दुपार पुरली. मंगळवारी शाळा सुटायच्या सुमाराला अमोकेची आई फाटकातून आत आली. रस्त्याकडेला ती चवळीचे वडे तळायची, अकारा. तशीच उठून आली होती. कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या कपड्यावर तेलाचे ठिपके होते आणि हातात झारा होता. रीत म्हणून तिने गुडघा टेकवला, पण जेमतेम. गावात इबिदुनला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारत.

"बोडेची आई, नमस्कार. माझी पोरगी चोर आहे म्हणे."

"असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं नाही ते विचारा. वड्यांबरोबर गिऱ्हाईक मला बातमी देऊन जातंय. दहा वर्षं वडे तळतेय, कुणी कमी दिला म्हणालं नाही. आणि आता माझ्या लेकीने उत्तर चोरलं? काय करणार ती उत्तराचं? तळून खाणार?"

"ताई, आधी झारा खाली ठेव."

"ठेवते. अमोके! इकडे ये. सव्वीस आणि अठरा किती गं?"

अमोके फाटकाशी उभी राहून मक्याचं कणीस सोलत होती. तिने कणसावरून नजरही हलवली नाही. "पन्नासला सहा कमी."

आई हसली. राग विसरून खळखळून हसली. "पन्नासला सहा कमी? अगं, हा आकडा कुठल्या बाजारात मिळतो? पाचापर्यंत कमी म्हणतात, सहा कमी कोण म्हणतं? चाळीसवर चार म्हण, बावळट. बोडेची आई, हिला तुम्ही काय शिकवता?"

"आंटी सोडतात की आत," अमोके म्हणाली.

इबिदुन खाली बसली आणि अंगणातल्या ओल्या मातीवर हात फिरवून तिने जागा सपाट केली.

"अमोके, ते कणीस आईकडे दे. इथे लिहून दाखव. पन्नासला सहा कमी."

अमोकेने बोटाने पाच काढले, शेजारी सहा काढले. "हे पन्नास. हे सहा."

"आणि कमी कुठाय?"

मुलीने मातीकडे पाहिलं, मग आंटीकडे. प्रश्न तिला विचित्र वाटला असावा. "कमी लिहीत नाहीत, आंटी. कमी तोंडाने म्हणतात."

अमोकेची आई झारा उचलून उभी राहिली. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. "म्हणजे चोरलं नाही ना?"

"नाही. चोरलं नाही."

"मग हे त्या साहेबाला सांगा. मोठ्याने सांगा, माझी भट्टी रस्त्याच्या पलीकडे आहे."

मुलं गेल्यावर इबिदुनने कपाट उघडलं आणि एकतीस वह्या बाहेर काढल्या. ती जानेवारीपासून पानं उलटू लागली. तिचा पहिला शोध सोपा होता: बेरजेत दोन्ही आकडे "वर"चे असले, म्हणजे एकवीस आणि बारा, की कागदावर उत्तर बरोबर यायचं. दोन्ही "कमी"चे असले की मुलं तोंडाने अर्ध्यावर थांबायची, आणि थांबलेल्या जागेला अंकच नसल्यामुळे जे दोन आकडे ऐकू येतात ते शेजारी शेजारी लिहायची.

दुसरी गोष्ट तिला तितकी सहज पाहवली नाही. मार्चमध्ये कुणाच्या वहीत छप्पन्न होतं, कुणाच्या अठ्ठावन्न, सत्तावन्न. आणि प्रत्येकाच्या पुढे लाल पेनाची बरोबरची खूण होती. तिच्याच हातची, खाली तारीख घातलेली.

हे कसं झालं हेही तिला आठवलं. एकतीस वह्या तपासायला वेळ पुरत नसे, म्हणून मूल स्वतःचं उत्तर वाचून दाखवायचं आणि ती ऐकत ऐकत खूण करायची. मूल म्हणायचं पन्नासला सहा कमी. ते बरोबरच होतं. तेवढ्यात तिची नजर पुढच्या वहीकडे गेलेली असायची.

सतरा वह्यांमध्ये अशा खुणा सापडल्या. तिने त्या सतरा वेगळ्या बांधल्या आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवल्या.

गुरुवारी फाग्बेमी साहेब दहा वाजता आले. त्यांनी पाण्याचा पेला अर्धा प्यायला आणि फाईल उघडली. "लेखी आणलंय?"

"लेखी नाही, सर. तुम्ही कुठलीही दोन मुलं बोलवा. तुमच्या मनाने निवडा. एकाला इथे बसवा, एकाला व्हरांड्यात. आणि तुम्हाला हवी ती बेरीज द्या, मला आधी सांगू नका. फक्त दोन्ही आकडे पंधरा ते एकोणीस किंवा पंचवीस ते एकोणतीस यांतले असू द्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पण केलं तसंच. शेवटच्या बाकावरच्या दोन मुली त्यांनी स्वतः उठवल्या. एक व्हरांड्यात गेली. साहेबांनी दोघींना कागदावर सत्तावीस अधिक सोळा लिहून दिलं. दोन मिनिटांत दोन कागद परत आले. दोन्हीवर सत्तावन्न.

"आता तोंडाने सांगायला लावा, सर."

"किती आलं गं?" साहेबांनी योरुबात विचारलं.

"पन्नासला सात कमी, सर."

साहेब थांबले. ते इबादानसारख्या मोठ्या शहरात वाढलेले होते आणि घरी मुलांशी इंग्रजीतच आकडे बोलत. त्यांचे ओठ किंचित हलले. बोटं टेबलाखाली काहीतरी मोजत होती. "तिसाला तीन कमी... विसाला चार कमी..." ते पुटपुटले. "त्रेचाळीस. बरोबर सांगतेय."

"सांगतात बरोबर. लिहितात चूक. सगळी एकाच पद्धतीने बोलतात, म्हणून सगळी एकाच पद्धतीने चुकतात. कुणी कुणाचं पाहिलेलं नाही."

ओलातेजू सरांनी सुटकेचा श्वास टाकला. साहेबांनी मात्र फाईल बंद केली नाही.

"मॅडम, तुमच्याकडे तीन दिवस होते. तीन दिवसांत मीही एकतीस मुलांना पन्नासला सात कमी म्हणायला शिकवलं असतं."

"सर, लहान मुलांना असं पढवता येत नाही हो," ओलातेजू सर म्हणाले.

"येतं. मी पाहिलंय. याच जिल्ह्यात पाहिलंय." साहेबांच्या आवाजात राग नव्हता. "सोमवारच्या आधीचं काही असेल तर दाखवा. नसेल तर मला माझं लिहावं लागेल."

इबिदुन उभी राहिली. ओलातेजू सरांना वह्यांबद्दल सकाळीच कळलं होतं. तिने स्वतः त्यांना सांगितलं होतं. ते तिच्यामागे दारापर्यंत आले.

"बोडेची आई," ते हळूच म्हणाले. एरवी ते तिला मॅडमच म्हणत. "त्या वह्या आणू नका. कॉपीचं सिद्ध व्हायला त्यांना नाव लागेल, नाव नसेल तर महिनाभर फाईल फिरेल आणि झोपेल. वह्या दाखवल्यात तर तुमच्या हातची खूणच बोलेल."

"फाईल फिरेल तोवर अमोके कुठल्या वर्गात बसेल, सर?"

सर दारातून बाजूला झाले.

ती वर्गातल्या कपाटाकडे गेली, खाली वाकली आणि सतरा वह्यांचा गठ्ठा आणून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी पहिली वही उघडली. दुसरी उघडली. सातव्या वहीनंतर ते फक्त तारखा पाहत होते.

"चौदा मार्च," ते म्हणाले. "छप्पन्न. आणि बरोबरची खूण."

"हो."

"ही खूण तुमची?"

"माझी, सर."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"मी बघत नव्हते. ऐकत होते."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. कॉपी आढळली नाही. सर्व मुलांना तिसरीत पाठवावं. शिक्षिकेने चुकीच्या लेखी उत्तरांना वारंवार बरोबर ठरवलं आहे, सबब पुढील वर्षापासून तिच्याकडे दुसरीचा वर्ग देऊ नये.

"यात काही खोटं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मुलं चलाख आहेत," कागद गुंडाळताना ते म्हणाले. जाता जाता त्यांनी व्हरांड्यातल्या त्या मुलीला आणखी एक बेरीज घातली आणि उत्तर ऐकून मान हलवली.

इबिदुनला पुढच्या वर्षासाठी जेलेओसिन्मी मिळाली. शाळेत जायच्या आधीच्या पोरांचा तो वर्ग. नावाचा अर्थ, घराला जरा विसावा मिळू दे. ओलातेजू सर समजूत घालायला आले. "बरं झालं एका अर्थी. तिथे विसापर्यंतच मोजायचं असतं."

"विसातही पाच वेळा कमी येतं, सर," ती म्हणाली आणि वह्या उचलून वर्गात गेली.

सुट्टी लागायला आठवडा उरला होता. त्या दिवसांत वर्गात शिकवण्यासारखं काही नसतं. मुलं बाकं धुतात, भिंती झाडतात. इबिदुनने दारातलं स्टूल उचलून आत ठेवलं आणि काड्यांचं खोकं काढलं. झावळीच्या खराट्याच्या बोटभर काड्या, दहा-दहाच्या जुड्या, प्रत्येक जुडीला सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. या जुड्या सोडायला तिने कित्येक वर्षं मनाई केली होती, कारण सुट्या काड्या हरवतात. आता तिने एकेका मुलाला शेजारी बसवलं.

"पन्नास मांड."

मूल पाच जुड्या मांडायचं.

"सहा कमी कर."

इथे प्रत्येक मूल थांबायचं. सुट्या काड्या नसायच्याच. मग आंटी म्हणायची, "सोड जुडी," आणि मूल तिच्या तोंडाकडे पाहायचं, खरंच म्हणतेय का ते बघायला. जुडी सुटली की सहा काड्या बाजूला जायच्या आणि चार उरायच्या. चार जुड्या, चार सुट्या.

"आता लिही. जे दिसतंय ते लिही."

मग वहीतल्या जुन्या लाल खुणेवर ती आडवी रेघ मारायची आणि मुलाकडून शेजारी नवीन उत्तर लिहून घ्यायची.

अमोकेने चव्वेचाळीस लिहिलं आणि रेघ मारलेल्या खुणेवर बोट ठेवलं. "आंटी, मग तेव्हा माझं बरोबर होतं की चूक?"

"बोललीस ते बरोबर. लिहिलंस ते चूक."

"आणि तुमचं?"

"माझं चूक."

"पूर्ण?"

"पूर्ण. उठ, पुढच्याला पाठव. आणि काड्या मोजून ठेव, एक कमी पडली तर तुझ्या आईच्या झाऱ्याची काढीन."

शुक्रवारी शाळा बंद झाली तेव्हा सोळा वह्या झाल्या होत्या. सतरावी तिनुकेची होती, आणि तिनुके गालगुंड होऊन घरी पडली होती. शनिवारी सकाळी इबिदुन एक पिशवी घेऊन तिच्या घरी गेली. तिनुकेचा बाप रस्त्याकडेला टायरचं पंक्चर काढत होता. तिला पाहून त्याने हात पुसले आणि वाकून नमस्कार केला.

"आंटी, तुम्ही कशाला आलात? सुट्टी लागली. शिवाय तुमचा वर्ग बदलला म्हणतात. तिसरीवाल्या आंटी बघतील पुढचं."

"हे माझं आहे. मागचं. पोरगी उठून बसते का?"

"बसते. पण तोंड उघडत नाही. तीन दिवस पेजेवर आहे. बोलायला लावू नका तिला."

"नाही लावत."

तिनुके दाराशी चटईवर बसली. दोन्ही गाल फुगलेले, डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं. इबिदुनने पिशवीतून पाच जुड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि वही उघडून सव्वीस अधिक अठरावर बोट टेकवलं.

तिनुकेने जुड्यांकडे पाहिलं. मनाशी काहीतरी मोजताना तिची भुवई हलली. मग तिने एका जुडीचं रबर काढलं, सहा काड्या मांडीखाली सरकवल्या, उरलेल्या सारख्या केल्या आणि पेन्सिल उचलली. बाप हातातला पंप सोडून पाहत राहिला होता.

तिने लिहिलं आणि वही पुढे ढकलली. इबिदुनने आधी आकडा पाहिला. मग काड्या मोजल्या, मांडीखालच्यासुद्धा. मग पिशवीतून लाल पेन काढलं.